मूळ कारण

शनिवारी पहाटे आईबरोबर गेले
सत्तरीच्या रानात, तिच्या रोयणीवर.
तिच्या म्हणजे तिच्या आईच्या,
आणि त्याआधी कुणाच्या ते विचारायचं नसतं.
वाटही सांगायची नसते, जावयालासुद्धा.
तिनं चपला काढल्या,
वारुळावर हळदीचं पान ठेवलं.
"पयलीं दवर," म्हणाली, "उपरांत काड."

वाळवी आत बुरशीचं शेत राखते
हे मला कॉलेजात कळलं.
आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
मग शेत तिचं.
आम्ही बांधावरची भाजी खुडतो.

तीन अळमी तिनं तशीच सोडली.
तीच टोपी, तोच दांडा, मला फरक दिसेना.
"असलीच रांधली होती शाबल्याच्या घरी.
बांबोळीहून दोघंच परत आली."
एवढंच बोलली, आणि बाकीची
सागाच्या पानात बांधून
वाळपईच्या रस्त्यावर जाऊन बसली.
दुपारपर्यंत माझ्या दोन दिवसांच्या पगाराइतके झाले.

सोमवारी कुंडईला, कारखान्यात.
पांढरा झगा, टोपी, मास्क; माझे फक्त डोळे कामाला येतात.
औषध भरायच्या खोलीत मी उघड्या बश्या ठेवते,
हवेतून काय उतरतं ते धरायला.
मर्यादा: शून्य.
पलीकडच्या शेडमध्ये मात्र
स्टीलच्या उंच टाक्यांत बुरशीच पोसतात,
साखर घालून, वारा घालून,
बाळंतिणीला जपावं तशी ऊब राखून.
तिच्यातून निघालेली गोळी
बाबा रोज रात्री जेवल्यावर घेतात,
आणि पुन्हा सुक्या बांगड्याला हात घालतात.

पाचव्या दिवशी बशीत एक ठिपका.
हिरवट राखी, कडेला पांढरी लव.
एकच.
चाळीस हजार कुप्या जागच्या जागी थांबल्या.

बार्रेटो सर फॉर्म घेऊन आले.
का? आणि ते का? असं पाच वेळा विचारायचं,
शेवटच्या रकान्यात लिहायचं: मूळ कारण.
बुरशीला मूळ नसतं, सर,
असं ओठांपर्यंत आलं होतं.

काकाच्या कुळागरात कोळेरोग शिरला त्या वर्षी
मी त्याला समजावत होते,
शास्त्राच्या हिशेबी ही खरी बुरशीच नव्हे,
शेवाळाची लांबची भाऊबंद.
काका बोर्डो ढवळत होता, कोपरापर्यंत निळा.
म्हणाला, सुपारी गळली ती तरी खरी ना?

फिल्टर तपासले. दाराच्या फटी तपासल्या.
मी हात तीनदा धुतले होते, ब्रशनं,
तरी उजव्या अंगठ्याच्या नखाखाली
शनिवारची माती मला अजून दिसत होती,
किंवा दिसतेय असं वाटत होतं.
वारुळातली बुरशी ती ही नव्हेच,
भिंगाखाली मीच पाहिली, ही साधी, घराघरातली.
पण रानातून येताना कोण कुणाच्या केसात बसून येतं
ते भिंग सांगत नाही.

बार्रेटो सर खुर्ची ओढून बसले.
त्यांचे आजोबा साखवाळचे पदेर.
"सुरेनं पीठ फुगवायचे. एखाद्या रात्री फुगायचं नाही.
तेव्हा का म्हणून विचारायचे नाहीत,
परातीत नाक घालायचे."
मग फॉर्मकडे बोट दाखवून,
"तू मात्र लिही. इथं नाक चालत नाही."

लिहिलं.
विश्लेषक आदल्या शनिवारी जंगलात गेली होती.
मातीशी संपर्क. शक्यता नाकारता येत नाही.
महिनाभर त्या खोलीत मला प्रवेश नाही, हेही मीच लिहिलं,
सरांनी नुसती सही केली.

खाली एक रकाना उरला होता: ठिकाण.
पेन टेकवलं. शाईचा ठिपका पडला,
थोडा पसरला.

तो रकाना मी तसाच ठेवला.