उलट्या क्रमाने

तीन वर्षं मी डबे मोडीत काढले.
खोटं कशाला बोलू, काम आवडायचंही.
एस्टोनियातल्या आमच्या दलदलीकाठच्या यार्डातून
अरुंद रुळांवरची शेवटची गाडी गेली
आणि पुढच्याच सोमवारी फोरमन काल्यूने
माझ्या हातात पहार ठेवली.

पहिले सहा डबे हाताने खोलले, स्क्रू न् स्क्रू.
मग काल्यू म्हणाला, एन्डेल, लाकडाला गिऱ्हाईक नाही,
जाळ.
रात्री डिझेल शिंपडायचं, पहाटे राख चाळायची.
बिजागऱ्या, कड्या, बोल्ट, कोट अडकवायच्या खुंट्या.
लोखंड एकीकडे, पितळ एकीकडे,
वजन वहीत.

पन्नास वर्षं वार्निश प्यायलेलं पाइन
पेटायचं तेव्हा खिडक्यांतून असा उजेड यायचा
की वाटावं, आत माणसं बसलीत,
कुठल्यातरी लग्नाला निघालीत.

वहीत त्रेसष्ट डबे आहेत. जळाले बासष्ट.
एक मी साल्मेला दिला,
अर्धं पोतं बटाटे आणि एक बाटली घेऊन.
दया नव्हती हो. तहान होती.
तिने तो ट्रॅक्टरने ओढत नेला,
सफरचंदांखाली दगडांवर टेकवला.
बाकांवर कोंबड्या, सामानाच्या कप्प्यात सरपण.

साल्मे गेली. कोंबड्या आहेत, त्यांच्या पणत्या असतील.
आणि आता ही पिरेत आलीय,
डॉक्टरची सुरी घेऊन रंग खरवडत बसते.
वर साल्मेचा निळा, खाली सरकारी हिरवा,
त्याखाली तपकिरी, आणि अगदी तळाशी
नखाएवढा पिवळा. चार. चारचा आकडा.
ती अशी ओरडली की कोंबड्या छपरावर.

नकाशे कुठेच नाहीत, म्हणते.
तुम्ही एकटेच उरलात असा डबा आतून पाहिलेले.
मी म्हटलं, बाई, मी सुतार नाही,
मोडणारा माणूस आहे.
मग मोडायचं कसं ते सांगा, म्हणाली,
मी खालून वर लिहून घेते.

तर घे लिहून.
आधी छताचं कापड, त्याचे खिळे तांब्याचे, वाकवू नको.
मग दिव्याची कडी, ती डावीकडे फिरते,
सगळं जग उजवीकडे फिरत असताना.
फळ्या दाराकडून सोडवायच्या,
कोपऱ्यातली एक पाचर निघाली
की भिंत आपणहून हातात येते,
झोपलेल्या पोरासारखी.
हे बोलताना माझे हात हवेत फिरत होते.
ती हातांकडे बघून लिहीत होती.

पलीकडच्या गावी आणखी एक सापडला,
मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचा, निम्मा कुजलेला.
त्याच्या तुळया याला लागणार होत्या.
तो कुणी कापायचा, हे कुणी विचारलं नाही.
सगळे नुसतेच गप्प उभे राहिले
आणि मी करवत घेतली.
त्रेसष्ट पूर्ण झाले एकदाचे.
मेणाचा वास अजून बाहीला आहे.

काल बारा खिडक्या बसल्या.
काच वर-खाली करायला प्रत्येकीला कातड्याचा पट्टा असतो,
भोकं पाडलेला, खुंटीत अडकवायचा.
अकरा नवे शिवून आणले पिरेतने.
बारावी, दाराशेजारची, रिकामी ठेवली,
म्हणाली, नमुन्याला एक तरी मूळचा हवा होता.

बाटली घेतली त्या संध्याकाळी
मी तो कापून घेतला होता.
चांगलं कातडं, वस्तऱ्याला धार लावायला.
माझ्या लग्नाच्या सकाळची दाढी त्याच्यावर,
बाप गेला तेव्हा त्याची शेवटची दाढीही.
मधोमध झिजून कागद झालाय.

आज सकाळी खिशात घालून आलो.
ती छतावर होती. हाक मारली नाही.
तिसऱ्या भोकात अडकवला,
काच अर्ध्यावर थांबली,
पूर्वी थांबायची तिथेच.

गाल खरखरीत आहेत. राहू देत.