वारं खाऊलालंय

एजंट म्हणाला होता, गडहिंग्लजच्या डॉक्टरची गाडी,
फक्त रविवारी निघायची, तीही सावलीसावलीनं.
मी हसले, आणि तरी पैसे मोजले.
पीएफचे.

तवंदीच्या घाटात तिनं पहिल्यांदा मान टाकली.
ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला,
आणि उसाची ट्रॉली मला ओलांडून गेली.
वर बसलेला पोरगा कांडं सोलत माझ्याकडं बघत राहिला
बराच वेळ.
एवढं सावकाश चाललं होतं सगळं.

उभी असली की तऱ्हा वेगळी.
सिग्नलला थरथर,
आरशात मागचा ट्रक दोन दोन,
डॅशबोर्डावरची सौंदत्तीची यल्लम्मा
तसूतसूनं सरकत दाराकडं तोंड करायची,
जणू पुढच्या स्टॉपला उतरणार.

शहापुरात प्लग बदलले. खासबागेत कॉईल.
उद्यमबागेत एकानं पेट्रोलचा पंप बघितला, मग मला बघितलं:
"मॅडम, गिअर नीट टाकता न्हवं?"
वीस वर्षं लुना चालवली मी. तिला गिअरच नव्हता.
त्यामुळं गप्प बसले.

संकेश्वरात दावलसाब नदाफ.
त्यानं आधी बॉनेट उघडलंच नाही.
इंजिन चालू ठेवून बंपरवर तळवा टेकला,
डोळे मिटले.
त्याचा आजा गल्लोगल्ली गाद्या पिंजायचा,
तातीच्या आवाजावरनं सांगायचा, कापूस ओला आहे, उद्या या.
"चार हाईत, तीनच राबूलालेत,"
दावलसाब म्हणाला.

मग एकेक वायर उपसली.
पहिली: इंजिन कळवळलं.
दुसरी: कळवळलं.
तिसरी काढली आणि
काहीच नाही.
भरल्या पंगतीतनं एक माणूस उठून जावा
आणि वाढणाऱ्यालाही कळू नये, तसं.
चौथीला परत ते कळवळलं असणार;
मी तिसऱ्याकडंच बघत होते.

प्लग काढून शेजारच्याला लावला. ठिणगी होती, निळी, चांगली.
मग बसू, सोळा वर्षांचा, कोपरापर्यंत काळा,
फवाऱ्याचा डबा घेऊन मॅनिफोल्डच्या कडेकडेनं गेला,
फुस्, फुस्,
आणि मागच्या अंगाला आवाज एकदम वर चढला.
"इल्ले!" बसू ओरडला. "इल्ले, इल्ले!"

"वारं खाऊलालंय," दावलसाब म्हणाला.
"चोरून. हिशेबाबाहेरचं.
मग पेट्रोल पेटंल कसं, अक्का?"

करंगळीएवढी रबरी नळी, उभी चिरलेली.
चिरेवर दोरा, गुलाबी, तेलानं काळवंडलेला,
विडीला गुंडाळतात तो.
गाठ इतकी बारीक, इतकी पक्की
की पक्कडीनं सुटेना, ब्लेडनं कापावी लागली.
दिवसाला हजार गाठी मारणारं बोट होतं ते,
ड्रायव्हरनं हाक मारली असेल वखारीच्या दारातनं,
बाई, जरा हे बांधून दे गं.

"आणि घाटात दम जातोय तो?"
त्यानं फिल्टर काढला, पेपरवर आपटला.
तपकिरी भुकटी उडाली. आधी बसू शिंकला,
मग दावलसाब, मग मी, मग पलीकडचा पंक्चरवाला.
संकेश्वर म्हणून मी म्हटलं, मिरची.
"मिरची कुठली?" डोळे पुसत दावलसाब म्हणाला,
"तंबाखू हाय.
कागद गडहिंग्लज म्हणूलालाय,
आतनं निपाणी बोलूलालीया."

सातशे चाळीस रुपये. वीस त्यानं सोडले.

वंटमुरीचा चढ तिसऱ्या गिअरात.
उभी केली तर इतकी शांत
की बंद पडली समजून मी परत किल्ली फिरवली,
आणि ती खरवडून ओरडली माझ्यावर.
यल्लम्मा समोर बघत होती.
दोरा आरसी बुकात ठेवलाय, कापलेल्या गाठीसकट.
कशाला, ते विचारू नका.

काकतीजवळ एसी लावला.
वास आला, उग्र, जुना.
डॉक्टर, मी म्हटलं,
तुम्ही तंबाखू कधीपासून?