पाण्याला विचारू

बावधन. डिसेंबर. सहा वाजून दहा मिनिटं.
पत्र्याच्या शेडमध्ये हीटरखाली
परातीएवढं पाणी.
पेंढारकर मफलरमधून म्हणाले,
"फुटलाय. नवाच घ्यावा लागणार."
म्हटलं, थांबा. आधी पाण्याला विचारू,
तू कुठलं.

तांब्याच्या नळ्यांतून गारढोण पाणी धावतं,
खाली गॅसच्या निळ्या जिभा.
ज्वाळेतल्या वाफेला नळीचा गारठा लागला
की हीटरला घाम फुटतो.
ताकाच्या पेल्याला फुटतो तसाच.
त्याला गळती म्हणत नाहीत.

म्हणून बर्नर बंद, पंप चालू.
जुन्या बनियनने फरशी कोरडी केली
आणि बसलो उकिडवा.
वीस मिनिटं.
याचे पैसे कुणी देत नाही,
बिलात तसा रकानाच नसतो.

ढेकणेबाई आल्या. दोन्ही गुडघे नवे,
अंगावर शाल, डोक्यावर रबरी टोपी.
"आज टँक गार?"
"तपासतोय."
बाकावर टेकल्या. मग त्याही
त्याच फरशीकडे बघत राहिल्या.
"माझे गुडघे डॉक्टरांनी
दोन मिनिटांत निकालात काढले हो.
तुम्ही बरे बसता."

बाराव्या मिनिटाला
टप्.

घाम नव्हे तर.
काचनळीत ते पाणी धरलं,
औषधाचे पाच थेंब सोडले
आणि ते पिवळं झालं,
हळद लागलेल्या नखासारखं.
क्लोरीन. म्हणजे टँकचंच, घरातलं.

गॅसचा कॉक आडवा केला. पंप थांबवला.
येणारं, जाणारं, दोन्ही व्हॉल्व्ह आवळले.
हेडर उघडला. नळ्यांवरून बोट फिरवलं एकेक,
सगळ्या धड.
गॅस्केट मात्र एका कोपऱ्यात चिरलेलं,
तांदळाच्या दाण्याएवढं.

"साडेचारशे," मी म्हटलं.
"भवानी पेठेत दहाला दुकान उघडेल."
अडीच लाखांचं कोटेशन
पेंढारकरांच्या खिशात घडी घालून होतं,
हात तिथवर गेला
आणि मफलर नीट करून परत आला.

तेवढ्यात ढेकणेबाई शाल काढून
कठडा धरून पहिल्या पायरीवर.
"गार म्हणजे किती गार असेल!"
दुसऱ्या पायरीवर त्यांनी जे म्हटलं
ते लिहिण्यासारखं नाही.
मग पोहू लागल्या. सावकाश, मान वर.

मधूनच ओरडल्या,
"ती वीस मिनिटं लावा हो बिलात!"

पेंढारकर दुसरीकडे बघत होते.
मी बिल उलटं केलं,
मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
फरशीकडे पाहणे.
पुढे रक्कम सुचेना.