पासंग

एकतीस वर्षं मी वजनं तपासली.
मखमली पेटीत ओळीनं पितळ,
दोन किलोपासून एका ग्रॅमपर्यंत.
चिमट्यानं उचलायचं,
बोटाच्या घामानंही वजन बदलतं.

खोट मला लांबून दिसायची,
दांडीच्या नुसत्या हलण्यावरून.

बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी,
एक बाई धरली होती.
पारड्याच्या पोटाला चिंचेचा गोळा.
अठ्ठावीस ग्रॅम भरला.
ठकूबाई सखाहरी गांगुर्डे, राहणार मखमलाबाद.
तागडी जप्त.
ती म्हणाली, साहेब, पोरगं दवाखान्यात आहे.
मी म्हणालो, सगळ्यांचंच असतं.
हे वाक्य पंचनाम्यात नाही.

दोन पारडी कधीच सारखी जन्मत नाहीत.
हलक्या बाजूला खडा बांधतात, लोखंडाचा तुकडा, काहीही,
त्याला पासंग म्हणतात.
माझ्या वहीत त्याचा रकाना नव्हता.

परवाच्या बुधवारी गिलकी घ्यायला गेलो.
इंदू गेल्यापासून पिशवी मीच नेतो.
पुराचा चिखल अजून पायऱ्यांच्या सांदीत,
दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाण्याची रेघ.
गाव त्याच्यावरून पूर मोजतं,
पण पाण्यावर मोहोर उठवायला
मलाही कधी जमलं नसतं.

पालाखाली म्हातारी. एका डोळ्यात मोतीबिंदू.
नातवानं घेऊन दिलेला लाल आकड्यांचा काटा.
अर्धा किलो, मी म्हटलं.
आकडे पाचशेवर थांबले.
तिनं आणखी दोन गिलकी टाकली.
जास्त झालं, बाई.
ती म्हणाली,
"राहू द्या साहेब. तुमचं मोजून झालंय."

मला आता साहेब कोणी म्हणत नाही.

पोराचं काय झालं
एवढंच विचारायचं होतं.
मागून कोणीतरी कोथिंबिरीचा भाव विचारला,
तिनं जुडी झटकली,
पाणी माझ्या चष्म्यावर उडालं.
विचारलं नाही.

घरी जायची रिक्षा सोडली
आणि सिव्हिलकडे चालत निघालो.

पाच नंबरच्या वॉर्डात यादव, माझा धाकटा भाऊ.
अकरा दिवस झाले होते.
आईच्या पाटल्या, भाचीच्या लग्नाचे पैसे,
इंदूच्या औषधांचे सुद्धा एकदा,
सगळं त्यानं पत्त्यांवर लावलं.
त्याला काय मिळायला हवं
याचा हिशेब माझ्याकडे पैपैचा तयार होता,
आणि हिशेब बरोबर होता, अजूनही आहे.
वहिनीचा फोन तीनदा आला.
केलंय तसं भोगू दे, मी म्हणालो होतो.

सिस्टरनं विचारलं, तुम्ही कोण यांचे?
तिला उत्तराची घाई नव्हती,
मलाच वेळ लागला.

तो माझ्याकडे बघून
आधी उशीखाली चाचपायला लागला,
जणू मी काहीतरी जप्त करायलाच आलो होतो.

वहिनीनं पेजेची वाटी माझ्या हातात दिली
आणि ती पदरानं तोंड झाकून बाहेर गेली.
किती द्यायची?
सिस्टर म्हणाली, जाईल तेवढी.

चमचा भरला.
हात सरळ राहत नव्हता,
अर्धी पेज हनुवटीवरून गळ्यात उतरली.
रुमाल पिशवीत, पिशवी कॉटखाली,
गिलक्यांच्या ओझ्यानं कलंडलेली.

बोटानंच पुसली.