शेऱ्याचा रकाना

फॉर्मवर आधी उंची.
मग वजन. मग हाताची लांबी, खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.
मग पन्नास मीटर, सेकंदांत.
घोटा धरणाऱ्याला पन्नास मीटर पळून जायचंय कुठे,
हे मी दोनदा विचारलं वरच्या ऑफिसात.

रेशीमबागचं मैदान, फेब्रुवारी,
आंतरमहाविद्यालयीन कबड्डी, उपांत्य फेरी.
मंडपाच्या बांबूला टेकून बसलोय,
डावा गुडघा लांब करून, तो पुरता वाकत नाही.
टोपी संघाची, टॅब संघाचा,
खिशातली वही तेवढी माझी.

वजनकाटा इतवारीतल्या भंगारवाल्याचा.
दीड किलो जास्त दाखवतो. सगळ्यांना माहीत आहे,
म्हणून कोणी बोलत नाही.

अखिल शेंदरे, मध्यरक्षक: ब्याऐंशी.
मांड्या सागाचे ओंडके.
त्याचा मामा माझ्या पाठीमागेच उभा,
"दंड पाहा न भाऊ पोट्ट्याचे. रोजचे बारा अंडे खाते."
पाहिले. दंड आहेत.
पण चढाई आली की अखिल आधी मामाकडे बघतो,
मग चढाईवाल्याकडे,
आणि तोवर तो खांद्याला हात लावून घरी गेलेला असतो.

बचाव बघायचा तर डोळा उलटा लावावा लागतो.
अख्खं मैदान आत शिरलेल्याला बघतं,
त्याचा दम, त्याची मांडीवरची थाप.
मी टाचा बघतो, उरलेल्या सात जणांच्या.
उचललेली टाच घाबरलेली असते नाहीतर हावरी.
लिलावात दोन्ही महाग पडतात.

डाव्या कोपऱ्यात डिगांबर उईके, देवलापारचा.
पाच फूट सात. काटा म्हणतो एकोणसत्तर,
म्हणजे साडेसदुसष्ट.
टॅबवर लाल ठिपका: निकषाबाहेर.
पहिला डाव, पकडी शून्य.
मी शून्य भरलं.

दुसऱ्या डावात, मध्येच केव्हातरी,
पाणी प्यायला बाटली तोंडाला लावली आणि तशीच राहिली.
चौदा चढाया झाल्या होत्या समोरच्यांच्या.
अकरा त्याच्यापासून लांबच्या बाजूला गेल्या.
तीन त्याच्याकडे आल्या, बोनस रेषेपाशी घुटमळल्या,
आणि गॅस चालू राहिल्याचं आठवावं तशा
माघारी फिरल्या.
तो हललाही नव्हता.
उजवा हात शेजाऱ्याच्या हातात, कंबर जराशी खाली,
टाचा मॅटवर.
कुलपानं किती चोर धरले, विचारतं का कोणी?

न झालेल्या चढाईला रकाना नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत मात्र एक आलाच.
कामठीचा, नव्वदीच्या घरातला गडी.
तिसरी चढाई, रिकाम्या हातानं परतायची सोय नव्हती.
डिगांबरनं घोटा धरला, अगदी जिथे धरायचा तिथे,
पंजात पंजा अडकवून.
आणि तो गडी त्याला मॅटवरून घासत
मधल्या रेषेपर्यंत घेऊन गेला. बोटाच्या एका पेरानं पोचला.
घोटा सुटला नाही. गुण गेला.
सामनाही.

म्हणजे लाल ठिपकाही खोटा नव्हता.

मी विचारलं, "ओढत नेत होता, तर सोडला काऊन नाही?"
कोपराची साल निघालेली, त्यावर फुंकर मारत म्हणाला,
"हाती आला होता न जी."

मॅट भाड्याच्या, सातच्या आत ट्रकमध्ये जायच्या.
पोरं तुकडे उपसू लागली.

शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं:
वजन वाढवता येईल.
खोडलं.
हेच वाक्य अजनीला, अठ्ठ्याण्णव साली,
रेल्वेच्या चाचणीत कोणी माझ्या नावापुढे लिहिलं होतं.
वाढवलं मी. अकरा किलो, पाच महिन्यांत.
गुडघ्याला कोणी विचारलं नव्हतं.

पुन्हा पाहावा, असं लिहून पाठवलं.
वहीत नुसता आकडा: चौदापैकी अकरा.

मामा अजून मागे उभाच.
"भाऊ, अंड्याचं लिहिलं का?"