राळ

सुनिवाचा गुडघा गेला तेव्हा
मी भिंतीशी बादली घेऊन उभा होतो.
आवाज ऐकला मी.
टच्.
वाळकी काटकी मोडावी, एवढाच.
तिच्या आईनं नाही ऐकला, ती टाळ्या वाजवत होती.
पंचाची शिट्टीही उशिराच वाजली.

कुणी ढकललं नव्हतं.
डावीकडे हूल दिली, उजवीकडे वळली.
अंग वळलं.
बूट वळला नाही.

तेवीस वर्षं मी या हॉलची लाकडी जमीन पुसतोय.
हँडबॉलवाल्या पोरी बोटांना राळ लावतात,
चेंडू हाताला धरून राहावा म्हणून.
राळ बोटांवरून चेंडूवर,
चेंडूवरून जमिनीवर,
जमिनीवरून माझ्या झोपेत.
त्यात दारातून बुटांबरोबर आलेलं बर्फाचं पाणी:
इथे घसरतं, तिथे चिकटतं.
त्या शनिवारी, सात मीटरच्या रेषेपाशी,
मी नीट घासलं होतं का?

"ओड्वार, एकट्या राळेनं गुडघा जात नाही,"
तुरिड म्हणाली. ती फिजिओ. मंगळवारी आणि शुक्रवारी येते.
वही काढली तिनं.
दोन वर्षांत चार गुडघे, चारही मुलींचे.
घोटे मी लिहीतच नाही, म्हणाली,
घोटे म्हणजे इथलं सर्दी-पडसं.
खांद्यांचं कुणी सांगत नाही, गोळी घेऊन खेळतात.
आणि ती इल्वा,
सकाळी स्की, दुपारी फुटबॉल, संध्याकाळी हे,
महिनाभर नडगी ठणकतेय
आणि मलाच म्हणते, आईला सांगू नका.

कोच गाउते माणूस चांगला,
पण कायम गुडघ्याला बाशिंग.
दीड तास हॉल मिळतो,
त्यातली वीस मिनिटं उडी मारून खाली कसं यायचं यात घालवू?
पोरी खेळायला येतात,
बगळ्यासारख्या उभ्या राहायला नाही.

तुरिड भांडली नाही.
मला म्हणाली, हॉल वीस मिनिटं आधी उघडशील?

किल्ली माझ्याकडे.
तेवढंच माझ्याकडे.

मग निळ्या मऊ गाद्या आल्या.
एका पायावर उभं राहा, चेंडू झेल,
गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत,
आत पडू देऊ नकोस, आत पडला, पुन्हा.
उडी मार. मांजरासारखी उतर.
आवाज झाला तर धरायची नाही.
आणि आवाज कुणी ऐकायचा?
"ओड्वार, आला?"
भिंतीशी, बादली घेऊन, मी:
"आला. परत."

तिसऱ्या आठवड्यात गाउते लवकर आला, जॅकेट न काढताच
गादीवर चढला एका पायानं,
आणि सहा सेकंदांत पोरींच्या हशात आडवा.
तेव्हापासून लवकर येतो. कारण सांगत नाही.

इल्वाला सोमवार सुटीचा लावून दिला.
पहिल्या सोमवारी तीही आलीच,
बाकावर माझ्याशेजारी, तोंड फुगवून,
क्रेपची पट्टी गुंडाळत आणि उलगडत.
"दुखणं कमी झालं तर खेळू?"
मी म्हटलं, मी जमीन पुसतो, मला काय कळतं?
ती हसली. थोडंसं.

सुनिवाच्या मांडीमागची शीर काढून
ट्रॉम्सोच्या डॉक्टरांनी गुडघ्यात ओवली.
कुबड्या, सायकल, पायऱ्या, रडणं, पायऱ्या.
नऊ महिने झाले, म्हणाली, आता येते.
तुरिडनं अजून दोन मागितले.
सूर्य जानेवारीअखेर परत आला,
त्याला कुणी म्हटलं नाही, एका पायावर उडी मारून दाखव.
सुनिवाला म्हटलं.
मोजपट्टीचं एक टोक मी धरलं होतं.
चांगला पाय, एकशे बेचाळीस.
दुसरा, एकशे एकोणचाळीस.
तुरिडनं आकडा लिहिला. मान हलवली.
मी पट्टी जरा वेळ तशीच धरून ठेवली.

रात्री दिवे अर्धे घालवले
की सात मीटरच्या रेषेपाशी मी तेल टाकून घासतो,
दोनदा, मग नखानं खरवडून बघतो.
मग मॉप भिंतीला टेकवतो
आणि निळ्या गादीवर चढतो, एकसष्ट वर्षांचा,
एका पायानं.

सात सेकंद.
परत.