फ्रेम बेचाळीस

हिद्दच्या गोदीत ती आली तेव्हा
तिचं तिसरं नाव चालू होतं,
तेही उखडायला आलेलं.
चौऱ्याऐंशी साल. बाहेर आखातात पुन्हा टँकर जळत होते,
म्हाताऱ्या जहाजांनाही गिऱ्हाईक होतं.

कुरियनच्या टेबलावर तिची सेवापुस्तिका:
पाण्यात उतरली, त्रेचाळीस.
काफिल्यांची राखण, अबादान ते मुंबई, सतरा वेळा.
पाणसुरुंग. किरकोळ नुकसान.
दुरुस्त, पुन्हा रुजू.
विकली. नाव बदललं. परत विकली.
सोयरीक मोडलेल्या मुलीबद्दल
घरच्यांनी बोलावं, तेवढंच.

आमच्याकडे कागद नव्हता. आमच्याकडे वाळू होती,
तांब्याच्या भट्टीची, काळी, नळीतून सुटणारी,
आणि पहाटे तीनची पाळी, पत्रा तापायच्या आत.
मी तिला उलटी वाचली.

वरचा राखाडी, खपल्या धरलेला.
त्याखाली पांढरा: शिकाऊ पोरांची वर्षं.
मग पुन्हा राखाडी, जाड, घाईघाईचा.
मग एकदम निळे-हिरवे पट्टे,
लढाईतला फसवा रंग,
समुद्रानेच समुद्र पांघरावा तसा.
मग शेंदूर.

फ्रेम बेचाळीसपाशी पत्रा वेगळा लागला.
हात फिरवला. दाराएवढा चौकोन,
कडेने वेल्डिंगची शिवण,
जराशी तिरकी, रात्रपाळीची.
हे ते किरकोळ नुकसान.

आत बॉयलरखाना.
पाळी बदलताना घडलं असेल तर सहा माणसं,
नाहीतर तीन.
पुस्तिकेत तो रकानाच नाही.

"ओ गोलतकर, सो गया क्या?" बशीर मिस्त्री वरून ओरडला.
झोपलो नव्हतो. खालच्या कोपऱ्यात
छिन्नीने ठोकलेले ठिपके होते,
बोटाने पुसले तर सात झाला.
आपला सात. ७.
मुंबईच्या गोदीत कुणीतरी,
कुठला पत्रा कुठे बसवायचा ते विसरू नये म्हणून.
नाव नाही, सही नाही,
कामापुरता सात.

कुरियनला सांगितलं.
त्याने पुस्तिका उघडली, चहा संपवला,
म्हणाला, लिहू कुठे?

शनिवारी रंग आला.
चौथ्या नावाचे साचेही आले,
उजवीकडून डावीकडे वाचायचे.
पिचकारीने सगळी बाजू नऊपर्यंत उरकली.
त्या कोपऱ्याला मात्र मी ब्रश घेतला,
हात पातळ ठेवला,
ठिपके बुजणार नाहीत इतका.